जेवल्यावरची उलटी: ‘पित्त’ म्हणण्याआधी घड्याळ बघा

प्रश्न थोडक्यात असा. आईचं वय 56, राहणं अमळनेर तालुक्यातल्या एका गावात. अडीच महिन्यांपासून जेवल्यावर उलट्या. आधी आठवड्यातून एक-दोनदा, आता जवळपास रोज. वजन 58 किलो होतं, आता 51. मधुमेह 12 वर्षांचा, गोळ्या चालू. गुडघे दुखतात म्हणून मेडिकलवरून गोळी आणून घेतात. गावच्या डॉक्टरांनी पित्ताची कॅप्सूल दिली, पंधरा दिवस बरं वाटलं, मग पुन्हा तेच. सोनोग्राफीत ‘खास काही नाही’. नात्यातल्या एका आजींच्या मते बेंबी सरकली आहे आणि ती दोनदा बसवूनही झाली. तोंडातून दुर्बीण टाकून घ्यायला आई तयार नाहीत. आणि अगदी शेवटी, जाता जाता लिहिलेलं एक वाक्य: ‘परवा सकाळी चहानंतर उलटी झाली, त्यात आदल्या दुपारच्या वांग्याच्या भाजीच्या बिया दिसल्या.’

ते शेवटचं वाक्य पहिल्या ओळीत यायला हवं होतं. दवाखान्यातही असंच होतं. पेशंट वीस मिनिटं गॅसेसबद्दल सांगतो आणि उठून दाराशी गेल्यावर म्हणतो, ‘हां डॉक्टर, संडास जरा काळी होते.’ तेवढ्यासाठी त्याला पुन्हा खुर्चीवर बसवावं लागतं. तुमच्या आईंच्या बाबतीत त्या वांग्याच्या बिया हीच खरी माहिती आहे. त्यावरून माझा सल्ला आधीच सांगून टाकतो: दुर्बीण टाळू नका, आणि ती याच आठवड्यात करा. का, ते आता सांगतो.

निरोगी पोट घड्याळासारखं चालतं. भाकर-भाजी पोटात गेली की जठर ती घुसळून अगदी बारीक करतं आणि थोडी थोडी पुढे आतड्यात सोडतं. साधारण दोन तासांत निम्मं आणि चार तासांत जवळजवळ सगळं जेवण पुढे सरकलेलं असतं. पाणी, ताक, चहा त्याहून लवकर जातात. दुपारी एकला खाल्लेलं वांगं दुसऱ्या दिवशी सकाळी सातला वर आलं, म्हणजे ते अठरा तास जठरातच पडून होतं. असं दोनच प्रकारे होतं. एक तर जठराचं पुढचं दार अरुंद झालंय, नाही तर दार उघडं आहे पण ढकलणारा स्नायू दमलाय. तुमच्या आईंच्या बाबतीत दोन्ही शक्य आहे, म्हणूनच अंदाजाने औषध देत राहणं मला पसंत नाही.

इथे ‘पित्त’ या शब्दाबद्दल थोडं बोलतो. आपल्याकडे उलटी म्हटली की पित्त. पित्त खवळलं, पित्त पडलं, पित्ताचं डोकं. पण खरं पित्त यकृतात तयार होतं आणि जठराच्या पुढे, लहान आतड्याच्या सुरुवातीला येऊन मिसळतं. रंगाने पिवळं-हिरवं, चवीला कडू. आंबट, पांढरट, दात आंबवणारं जे पाणी येतं ते पित्त नाही, ते जठरातलं आम्ल. आता गंमत बघा. जठराचं दार बंद होत आलं असेल तर पुढचं पित्त मागे येऊच शकत नाही. म्हणजे ज्या उलटीला घरातले सगळे ‘पित्ताची’ म्हणतात, तिच्यात पित्ताचा थेंबही नसतो, आणि नेमकं तेच धोक्याचं असतं. म्हणून आईंना विचारा: उलटी आंबट होती की कडू? हिरवट-पिवळा रंग कधी दिसला का? इतक्या दिवसांत एकदाही दिसला नसेल, तर दार अरुंद झाल्याचा माझा संशय वाढतो.

आणखी एक गोष्ट घरी करून बघता येते. जेवून चार तास झाल्यावर आईंना उताणं झोपवा, पोटावर कान ठेवा आणि कमरेला दोन्ही बाजूंनी धरून हलकेच हलवा. अर्ध्या भरलेल्या हंड्यातल्या पाण्यासारखी खळखळ ऐकू आली, तर जठर रिकामं झालेलं नाही. आम्हीही हेच करतो, फक्त स्टेथोस्कोप लावून. बारीक माणसाच्या पोटावर कधी कधी डावीकडून उजवीकडे सरकणारी लाटही दिसते. चोपड्याकडच्या एका मावशींनी मला ती पदर बाजूला करून दाखवली होती. ‘पोटमा दगड ठेवेल शे तसं वाटस,’ असं त्या म्हणत होत्या. उलटी झाली की दगड उतरायचा आणि त्या पुन्हा जेवायला बसायच्या. उलटीने हलकं वाटणं आणि लगेच भूक लागणं, हेही दार अरुंद झाल्याचंच लक्षण.

दार अरुंद कशाने होतं? जुना अल्सर हे एक मोठं कारण. जठराच्या पुढच्या दाराशी जखम होते, भरते, पुन्हा होते आणि प्रत्येक वेळी वण आकसतो. या जखमांमागे बहुतेक वेळा हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाचा जंतू असतो. हे दाखवून देण्यासाठी बॅरी मार्शल या ऑस्ट्रेलियन डॉक्टरांनी 1984 मध्ये त्या जंतूंचं पाणी स्वतः प्यायलं आणि जठराला सूज आणून घेतली. 2005 मध्ये त्यांना आणि रॉबिन वॉरन यांना नोबेल मिळालं. दुसरं मोठं कारण तुमच्या प्रश्नातच आहे: गुडघ्यांची गोळी. मेडिकलवर मिळणाऱ्या दुखण्याच्या बहुतेक गोळ्या जठराचं अस्तर सोलतात. कापूस वेचून, निंदणी करून गुडघे गेलेल्या बायका आमच्याकडे महिनोन्महिने ती गोळी खातात. ‘रोज नाही डॉक्टर, दुखलं तरच,’ आणि दुखतं रोज. काही ठिकाणी सांधेदुखीच्या नावाने पुड्या मिळतात, त्यात दुखण्याच्या गोळीबरोबर स्टिरॉइडही कुटलेलं असू शकतं. आईंची गोळी आजच बंद करा आणि तिची रिकामी पट्टी डॉक्टरांना दाखवा.

तिसरं कारण म्हणजे गाठ. जठराच्या किंवा स्वादुपिंडाच्या कॅन्सरने दार बाहेरून किंवा आतून दाबलं जातं. तुम्हाला घाबरवण्यासाठी हे लिहीत नाही. पण 50 च्या पुढे नव्याने सुरू झालेल्या उलट्या, अडीच महिन्यांत 7 किलो म्हणजे मूळ वजनाच्या 12 टक्के घट, आणि पित्ताच्या गोळीने पंधरा दिवस मिळालेला खोटा आराम, हे तिन्ही एकत्र आल्यावर कॅन्सर नाही असं दुर्बिणीशिवाय म्हणणारा डॉक्टर मला भेटायचा आहे. तो आराम खोटा का म्हणतो, तेही सांगतो. आम्ल कमी करणारी गोळी कॅन्सरच्या जखमेवरही वरवरची खपली धरू शकते. माणसाला बरं वाटतं आणि दोन-तीन महिने हातचे जातात.

चौथं कारण टीबी. छातीचा सगळ्यांना माहीत आहे, पोटाचा होतो हे ऐकून लोक चकित होतात. तो जठराच्या पुढे किंवा लहान-मोठ्या आतड्याच्या सांध्यावर बसतो. संध्याकाळची कणकण, खंगत जाणं, पोटात गोळा फिरल्यासारखं वाटणं, गुरगुर झाली की दुखणं थांबणं. याचे उपचार सरकारी दवाखान्यात मोफत आहेत, पण आधी निदान झालं पाहिजे. पाचवं कारण जळगावात काम करताना विसरून चालत नाही, ते म्हणजे ॲसिड. संडास धुण्याचं असो की सोनारकामाचं, चुकून किंवा रागाच्या भरात पोटात गेलेलं ॲसिड त्या दिवशी माणसाला मारेलच असं नाही, पण काही आठवड्यांनी जठराचं दार आकसून बसतं. घरात ही गोष्ट लपवली जाते. आमच्यापासून लपवू नका.

आता दुसरी शक्यता, दमलेला स्नायू. मधुमेह दहा-बारा वर्षं जुना झाला आणि साखर वरचेवर वाढलेली राहिली, की जठराला हलवणाऱ्या नसा थकतात. याला गॅस्ट्रोपरेसिस म्हणतात. चार घास खाल्ले की पोट भरतं, फुगतं, मळमळतं आणि काही तासांनी उलटी. यात कधी कधी कडू पित्तही येतं. याची एक खूण मधुमेहाच्या वहीत सापडते: गोळी घेतली, जेवण केलं, तरी दोन तासांनी साखर एकदम खाली आणि मध्यरात्री वर. जेवण पोटातच अडकलेलं असतं, गोळी मात्र आपलं काम वेळेवर करून जाते. पण नियम असा आहे की दार अरुंद नाही हे दुर्बिणीने पक्कं झाल्यावरच गॅस्ट्रोपरेसिस म्हणायचं. नंतर हवं तर किरणोत्सारी पदार्थाचा अंश मिसळलेलं जेवण देऊन चार तासांनी जठरात किती उरलं ते मोजतात. दहा टक्क्यांहून जास्त उरलं तर जठर मंद आहे. वजन आणि साखर दोन्हींसाठी दिलं जाणारं सेमाग्लुटाइडचं इंजेक्शनही जठर मंद करतं. आई ते घेत असतील तर सांगा.

जठर मंद निघालं तर जेवण बदलावं लागतं आणि आपल्याकडे भांडण नेमकं इथेच होतं. तूप-तेल जठराला आणखी मंद करतं, आणि आपलं जेवण म्हणजे शेवभाजीची तर्री, तेलात पोहणारं भरीत, तूप ओतलेली डाळ-बट्टी. ‘पौष्टिक खा’ म्हणून मेथी आणि शेंगदाणे चारले जातात, पण चोथा असा साठत जातो की त्याचा गोळा बनतो. अशा माणसाला दिवसातून दोन मोठ्या जेवणांऐवजी पाच-सहा छोटी जेवणं हवीत. पातळ खिचडी, मुगाचं वरण, ताक, दही-भात, शिजवून गाळलेलं दुधीचं सूप. कळण्याच्या भाकरीचा एक चतकोर चालेल, तोही वरणात कुस्करून. जेवल्यावर आडवं व्हायचं नाही, अंगणात दोन फेऱ्या मारायच्या.

हे झालं तुमच्या आईंचं. पण हाच प्रश्न विचारणाऱ्या दुसऱ्या घरातलं घड्याळ वेगळं असू शकतं, म्हणून थोडं तेही.

घास गिळल्यावर मिनिटभरात, आंबट न होता, जसा गेला तसा वर आला, तर तो जठरापर्यंत पोचलेलाच नाही. खरं तर ही उलटी नव्हे, अन्ननलिकेत अडकलेलं परत येणं. आधी भाकर अडकते, मग भात, शेवटी पाणी, आणि माणूस तंबाखू-गुटख्याचा, तर अन्ननलिकेचा कॅन्सर डोक्यात ठेवायचा. उलट पहिल्यापासून पाणी आणि भाकर दोन्ही अडकतात, रात्री उशीवर लाळ-जेवण सांडतं, झोपेत ठसका लागतो, तर ॲकॅलेशिया. म्हणजे अन्ननलिकेचं खालचं दार सैल होत नाही. शिरपूरकडचा एक तरुण जेवताना दर चार घासांनी उठून उभा राहायचा, हात वर करून उडी मारायचा आणि पाणी प्यायचा. घरचे त्याला नाटकी म्हणायचे. त्याने चार वर्षं पित्ताच्या गोळ्या खाल्ल्या. बेरियम पाजून काढलेल्या एका एक्स-रेत अन्ननलिका खाली पक्ष्याच्या चोचीसारखी निमुळती दिसली.

जेवल्यावर दहा मिनिटांत, मळमळ नाही, जोर नाही, सहज तोंडात घास येतो आणि माणूस तो पुन्हा चावून गिळतो किंवा थुंकतो: ही रवंथ करण्याची सवय. शाळकरी मुलांत, तरुण मुलींत दिसते. यात गोळ्यांचा काही उपयोग नाही, जेवल्यावर पोटाने श्वास घ्यायला शिकवावं लागतं. मुलगी मुद्दाम उलटी काढत असेल तर तो वेगळा विषय आहे. तिथे रागावून काही होत नाही.

तेलकट खाल्ल्यावर तासा-दीड तासाने उजव्या बरगडीखाली कळ, ती पाठीत खांद्याकडे जाते, मग उलटी, तर पित्ताशयातले खडे. हे सोनोग्राफीत सहसा दिसतात. सातपुड्यातल्या, नंदुरबार-धुळ्याच्या भिल्ल-पावरा कुटुंबांत सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आढळतो, आणि त्यात रक्तपेशी लवकर फुटत असल्याने खडे अगदी कोवळ्या वयात होतात. तळोदा-अक्कलकुव्याकडच्या पंधरा वर्षांच्या मुलाला अशी कळ आली तर ‘या वयात खडे कुठले’ म्हणू नये.

पूर्वी पोटाचं ऑपरेशन झालं असेल, सिझर असो की अपेंडिक्स, तर आत चिकटलेल्या पट्ट्यांमध्ये आतडं अडकतं. पोट फुगतं, हवा सरत नाही, उलटी हिरवी होते. याला वाट बघायची नसते. सहा महिन्यांत झपाट्याने खंगलेल्या माणसाला उताणं झोपलं की उलटी आणि पालथं किंवा डाव्या कुशीवर झोपलं की आराम, असं असेल तर आतड्याचा पहिला भाग मोठ्या रक्तवाहिनीखाली दाबला जात असतो. तिथे मधली चरबी गेल्याने जागा कमी झालेली असते.

आणि कधी कधी दोष पोटाचा नसतोच. मूत्रपिंड निकामी होत आलं की सकाळी ब्रश करतानाच ओकारी येते. डोक्यात दाब वाढला तर मळमळ न होता एकदम भसकन उलटी, सोबत पहाटेची डोकेदुखी. मधुमेहाचं मेटफॉर्मिन नुकतंच वाढवलं असेल, टीबीच्या गोळ्या सुरू असतील आणि डोळे पिवळे दिसत असतील, तर आधी औषधांकडे बघा. कपाशीवर फवारणी करून आलेल्या माणसाला उलटी, घाम, लाळ, बारीक झालेल्या बाहुल्या दिसल्या तर ते विष आहे. त्याला लिंबू-पाणी पाजत बसू नका, अंगावरचे कपडे काढा, साबणाने अंग धुवा आणि दवाखाना गाठा. आणि बाई 45 च्या आतली असेल तर पाळीची तारीख विचारल्याशिवाय मी पुढचा प्रश्न विचारत नाही. लाजून चालत नाही. एका नवऱ्याने बायकोची दुर्बीण करून आणली होती, तिला तिसरा महिना होता.

तान्ह्या बाळाबद्दल दोनच ओळी. तीन ते सहा आठवड्यांचं बाळ, बहुधा मुलगा, दूध पिऊन लगेच लांब उडणारी उलटी करतं आणि पुन्हा भुकेने रडतं: जठराचं दार जाड झालंय, छोट्या ऑपरेशनने पूर्ण बरं होतं. बाळाची उलटी हिरवी असेल तर रात्री दोन वाजले असले तरी निघायचं.

आता तुमचा आठवडा. आजपासून एका वहीत लिहा: किती वाजता काय खाल्लं, किती वाजता उलटी, रंग, चव, त्यात काय दिसलं. पाच दिवसांची ही वही माझ्या दृष्टीने दोन सोनोग्राफ्यांइतकी कामाची आहे. सोनोग्राफीवर रागावू नका. जठरातल्या हवेमुळे तिला आतलं दार धड दिसत नाही, तो तिचा स्वभाव आहे. रक्तात हिमोग्लोबिन, क्रिएटिनिन, सोडियम-पोटॅशियम, कॅल्शियम, यकृताच्या चाचण्या आणि साखर बघून घ्या. अडीच महिन्यांच्या उलट्यांनी पोटॅशियम खाली गेलेलं असतं. हातपाय गळणं, छातीत धडधड त्यामुळेच.

मधुमेहाच्या गोळ्यांबद्दल तुमच्या डॉक्टरांना आजच फोन करा, पुढच्या तारखेची वाट बघू नका. ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेऊन जेवण बाहेर पडलं तर साखर धोकादायक खाली जाते. घाम, थरथर, असंबद्ध बोलणं दिसलं तर साखर तपासा आणि शुद्धीत असतील तर लगेच तीन-चार चमचे साखर पाण्यातून द्या. डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन चालू असेल तर उलट्यांच्या काळात रक्तात आम्ल साठू शकतं, तेही साखर फारशी वाढलेली नसताना. रक्तदाबाची गोळी आणि कोरडं पडलेलं शरीर मिळून मूत्रपिंड बिघडवतात. वैशाखात जळगाव-भुसावळचा पारा 45 च्या आसपास असताना हे दोन दिवसांत होतं. यातलं काय थांबवायचं ते तुमच्या डॉक्टरांना ठरवू द्या.

तोवर ओआरएस घोट घोट. पुडी नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. मधुमेह आहे म्हणून ही साखर टाळू नका. उलटी थांबवणारी मेटोक्लोप्रामाइडची गोळी स्वतःहून चालू ठेवू नका, लांबल्यास तोंड-जबड्याच्या विचित्र हालचाली सुरू होतात आणि काहींच्या थांबत नाहीत. कॉफीच्या गाळासारखी किंवा रक्ताची उलटी, डांबरासारखी संडास, पोट दगडासारखं कडक होणं, आठ-दहा तास लघवी नाही, गुंगी: यातलं एकही दिसलं तर वही राहू द्या, सरळ मोठा दवाखाना.

दुर्बिणीची भीती मी समजतो. घशात बधिर करणारा फवारा मारतात, बोटाएवढी नळी जाते, पाच-दहा मिनिटांत काम होतं. हवं तर थोडी झोपेची सुई देतात. श्वास नाकाने चालूच राहतो, हे आईंना आधी सांगा, त्यांना गुदमरायचीच भीती असणार. एक गोष्ट मात्र तुम्ही दुर्बीण करणाऱ्यांना आधीच सांगायची: ‘पोटात जुनं जेवण साठतं.’ नेहमीचा रात्रभराचा उपास अशा पेशंटना पुरत नाही. एक-दोन दिवस फक्त पातळ पदार्थ द्यावे लागतात आणि कधी आधी नाकातून नळी घालून पोट रिकामं करावं लागतं. न सांगता केलं तर साठलेलं वर येऊन फुप्फुसात जाऊ शकतं. पित्ताची कॅप्सूल चालू असेल तर तेही सांगा, कारण त्या गोळीखाली हेलिकोबॅक्टरची तपासणी खोटी नकारात्मक येते. अरुंद जागा दिसली तर तुकडा काढून तपासणीला पाठवतील. तो कॅन्सर शोधायलाच पाठवतात असं नाही, टीबीही त्यातच सापडतो. वण आकसलेला असेल तर फुगा घालून दार रुंद करता येतं, जंतू निघाला तर चौदा दिवसांची औषधं असतात, आणि नाहीच जमलं तर जठराला आतड्याशी दुसरी वाट काढून देणारं ऑपरेशन.

आईंना कवळी असेल तर आत जाण्याआधी काढायला सांगतील. ती पदराला बांधू नका, झाकणाची डबी घरून न्या. दुर्बिणीच्या खोलीबाहेरच्या बाकावर एक ना एक कवळी राहिलेली असतेच.